मूकपटातली शेवटची पाटी

मला बघायला येणारी माणसं पोहे खायला घरी येणार नव्हती. "पोरीला कळू न देता बघतो," असा त्यांचा निरोप होता. म्हणे कळू न देता! सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि पोरीला तेवढं कळायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची संक्रांत होती. सांगलीत आमच्या कॉलेजात बायकांचं हळदीकुंकू ठेवलं होतं आणि त्यानंतर सिनेमा. सिनेमा म्हणजे एका कादंबरीवरचा जुना परदेशी मूकपट. मधे मधे इंग्रजी पाट्या यायच्या. त्या मराठीत मोठ्यानं सांगायचं काम आमच्या बाईंनी मला दिलं, कारण वर्गात ती कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्न ठरलं तर तिसरं वर्ष विसर, असं वडिलांनी बजावून ठेवलं होतं.

मुलगा फौजेत, घर इस्लामपूरकडचं, उसाचं रान. त्याची आई सिनेमाला येणार होती. मी मनाशी पक्कं केलं. गोष्टीतली बाई शेवटी नवऱ्याचं घर सोडते, नावेत बसते आणि पाटी येते: 'मी परत येणार नाही. माझ्यासाठी दिवा ठेवू नका.' हे मी खणखणीत वाचणार होते. असलं काही भरसभेत बोलणारी सून कोण करून घेतंय? स्थळ आपोआप मोडेल आणि मी सुटेन.

भर दुपारी खिडक्यांवर सतरंज्या टाकून हॉलमध्ये अंधार केला. आत नुसतं उकडत होतं. मी पडद्याशेजारी उभी राहिले. आधी बायकांना मजाच वाटली. "अगं बया, त्वांड हालतंय, पन आवाज कुटं हाय?" मग हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. पडद्यावरचा नवरा बाहेरून दार लावून घ्यायचा, ती खिडकीशी येऊन बसायची. परत दार, परत खिडकी. "मुडदा बशिवला त्याचा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

रीळ बदलायला दिवा लावला तेव्हा मुलाची आई ओळखू आली. दुसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बाकीच्या एकमेकींशी बोलत होत्या, ही थेट माझ्याकडे बघत होती. वडील दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. वडिलांना घराबाहेर बोडकं मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचं रीळ लागलं. ती बाई नावेत बसली, काठ मागं पडला, पाटी आली. पाटी अजून पडद्यावर होती, आणि मला माझाच आवाज ऐकू आला: "आईला भेटून येते. दिवा लावून ठेवा."

आमच्या बाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. बायकांनी मात्र, "झालं बाई चांगलं," म्हणत डोळे पुसले. मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी पसंतीचा निरोप आला. वैशाखात मी त्या घरात गेले. पुस्तकं ट्रंकेत गेली आणि ट्रंक माळ्यावर.

चार वर्षांनी एकदा आम्ही दोघी सोप्यात गहू निवडत होतो. धीर करून मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, बाहेरून परीक्षेला बसू का?"

त्यांच्या हातातलं सूप थांबलं. "त्या सिनेमातली बाई परत आली न्हवती, व्हय ना?"

मी वर पाहिलं.

"मला वाचाया येत न्हाई, पन डोळं हायत की. परत येनाऱ्या बाईचं त्वांड तसलं नसतंय. तू खोटं वाचलंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "म्हनूनच तर तुला पसंत केली. म्हटलं, ही पोरगी तोंडातलं गिळतीया. घरात टिकंल."

त्यावर मला बोलायला पुष्कळ होतं. मी मान खाली घालून गव्हातले खडे वेचत राहिले.