जिंकगोचे सोयरे

आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना अख्ख्या औरंगाबादेत कुठलीच गोष्ट नुसती बघता येत नसे. आधी तिचं कूळ लागे. खानावळीत वांगं-बटाट्याची भाजी आली की म्हणत, "अहो, वांगं, बटाटा, वर मिरची! तिघं एकाच कुळातले. पोटात भाऊबंदकी होणार बघा!" आणि तीच भाजी पुन्हा पुन्हा मागून घेत. सगळ्यात लाडका मात्र जिंकगो. हे चीनकडचं झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं; त्याचं पंख्यासारखं एक वाळलेलं पान तेवढं पुस्तकात जपलेलं. "पान रुंद म्हणून पिंपळाच्या पंगतीला बसवू नका. बीज उघडं असतं त्याचं. देवदार, सायकस हे लांबचे चुलते. बाकी प्रजातीत एकटा, कुळात एकटा, गणात एकटा, वर्गातसुद्धा एकटा!" हे सांगताना ते पान छातीशी धरायचे आणि पोरं बाकाखाली तोंड घालून हसायची.

मी हसत नसे. रझाकारीच्या धामधुमीत माझं घरदार गेलं, मागं कुणी उरलं नाही. पुढं नोकरी लागली, करमाडची मुलगी मनात भरली; पण आमच्याकडं मुलाच्या आधी त्याचे पाहुणे, म्हणजे सोयरेधायरे, विचारतात. आधीची स्थळं त्याच्यावरच मोडलेली. सर म्हणाले, "मी बोलतो." म्हटलं, झालं, बोंबला!

मुलीच्या वडिलांनी "पोराचे सोयरे कोण?" विचारताच सरांनी ते पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि थेट जिंकगोच्या वर्गापासून सुरुवात केली. चहावर साय धरली. बैठकीतली मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"म्हंजी ह्याला कुणीच नाय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"कुणीच नाही. भाऊबंद कधीच मातीत गेले. दगडात ठसे सापडतात तेवढे."

"आन् हे अजून पालवतंय?"

"दरवर्षी!"

त्यांनी पान सरांना परत दिलं आणि माझ्याकडं बघितलं. "मंग मूळ लई चिवट हाय. दिली पोरगी!"

हुश्श! जीव असा भांड्यात पडला, की तसा गोड चहा मी पुन्हा कधी प्यालो नाही, आणि तो पार गार झालेला होता.

लग्नात आमच्या बाजूला सर एकटेच फेटा बांधून बसले. "नवरदेवाचे मामा!" पुकारा झाला की सर उठत, "चुलते!" की पुन्हा सरच. मानाच्या टॉवेल-टोप्यांचा ढीग सावरताना ते लहान पोरासारखे लाजत होते. त्यांना स्वतःलाही मागंपुढं कुणी नव्हतं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नातीच्या सोयरिकीत समोरच्यांनी विचारलं, "तुमचे पाव्हणे कोण?" घर माणसांनी भरलेलं होतं. मी पहिलं नाव सरांचं सांगितलं.