मारय्याचा दगड

मी शिकवत असे त्या शाळेतल्या गुरुबसप्पा मास्तरांना लोक येडा म्हणत. म्हणोत! खरे येडे आम्ही, आणि त्यात पहिला मी.

मास्तर एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. उडता घोडा, जादूची विहीर, पाताळातला किल्ला, सगळं होतं. पण हट्ट असा, की घोडा उडेना का, त्याचं खोगीर मात्र गोष्टीतल्या काळचंच हवं. त्यासाठी दर रविवारी सायकलवरून खेडी हिंडायचे. जुनं कन्नड त्यांना वाचता येई. कोरीव दगड दिसला की त्यावर ओला कागद थापायचे, काजळीचा बोळा फिरवून अक्षरांचा ठसा घ्यायचे आणि घरी भिंतीला लावायचे. त्यांची बायको, काशम्मावहिनी, म्हणायच्या, "घरात पाळणा न्हाय, नुसते दगड हायत." लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

१९२७च्या उन्हाळ्यात ते अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका गावात गेले. गावाचं नाव सांगणार नाही, एकदा सांगितल्याची शिक्षा पुरे झाली. तिथं विहिरीवर बायका एका दगडावर धुणं आपटायच्या. मास्तरांनी चार गडी लावून तो उलटवला. पालथा पडल्यामुळे खालचं कोरीव काम जसंच्या तसं राहिलेलं. तळाला गाई, मध्ये तलवार घेतलेला माणूस, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या दोन अप्सरा. आणि दोन ओळी. गावच्या गाई सोडवताना मेलेल्या मारय्या नावाच्या राखणदाराचा तो वीरगळ होता.

सोमवारी शाळेत आले ते पोरासारखे हसत. "नारायणराव, सातशे वर्षांनी कुणीतरी त्याला नावानं हाक मारली हो! मी मारली!" कादंबरीचा नायक बदलून त्यांनी मारय्या केला.

आणि मी शहाणा! म्हणालो, "मास्तर, राखणदाराची गोष्ट वाचणार कोण? राणी करा. अप्सरा आहेतच. गावाचं नाव तेवढं खरं ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला पटेल." आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण छापखानेवालाही तेच म्हणाला, तेव्हा नमले. राणी शत्रूच्या हाती लागण्याआधी शिळा होते आणि त्या शिळेला तेल वाहणाऱ्या बाईची कूस उजवते, असं लिहिलं. शेवटी टीप द्यायची, की खरा दगड मारय्याचा आहे, एवढी एकच अट त्यांनी घातली. छापखानेवाल्यानं टीप गाळली. एक पान वाचवलं लेकाच्यानं!

आमच्या सोलापुरात ते पुस्तक कुणी हातात धरलं नाही. त्या गावच्या चावडीवर मात्र पाटलाच्या जावयानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन वर्षांत दगड विहिरीवरून पारावर गेला, त्याला शेंदूर चढला, तलवारवाल्याला चांदीचे डोळे आणि नथ बसली. चैत्रात जत्रा भरू लागली. मास्तर धावत गेले. "अरे, हा मारय्या आहे!"

"मास्तर, तुमच्याच पुस्तकात राणी हाय की!" लोक हसले. "आमी काय पदरचं सांगतोय व्हय?"

त्यांनी ठसा दाखवला, तर पुजारी म्हणाला, "ही अक्षरं हितं दगडावर दाखवा." ती शेंदराखाली बुजली होती. तरी मास्तर हटेनात. दर जत्रेला ठसा उंच धरून पाराशी उभे राहत, शिव्या खात. मीही जाई, लाजेनं.

तिसऱ्या जत्रेत रांगेत काशम्मावहिनी दिसल्या. हातात खण-नारळ. घरी न सांगता आल्या होत्या. मास्तर समोर आले तशा म्हणाल्या, "तुमीच लिवलंय, म्हणून आले. आता तुमीच सांगा, हितं कोण हाय? राणी न्हाय म्हणला, तर जाते माघारी."

मास्तरांनी उंच धरलेला कागद खाली घेतला. मग ठशाची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

"राणी हाय," म्हणाले. "जा, ओटी भर."

पाळणा काही हलला नाही. पुढच्या वर्षी मास्तर पुन्हा जत्रेला गेले, वहिनींची नारळाची पिशवी धरून.