अशुद्ध भाषेतली कंडक्टरीण

गोंदियात मराठी कॉमिक्स काढलं, तेव्हा पहिला शहाणा भेटला तो पुस्तकांचा दुकानदार. "मॅडम, यहाँ लोग सिर्फ गाइड खरीदते हैं," असं म्हणून त्यानं आमच्याच पुस्तकावर चहाचा ग्लास ठेवला.

गोष्टी मी लिहायची, चित्रं माझी मैत्रीण काढायची. ती तिरोड्याच्या एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवत होती. आमची नायिका एसटीतली कंडक्टरीण. अर्जुनी मोरगावच्या गाडीत चढणाऱ्या भुतांकडूनही ती तिकिटाचे पैसे घ्यायची. बोलायची अर्थातच आमच्याकडच्या झाडीबोलीत. "मेलास म्हून का फुकटात जाशीन?" हे तिचं पहिलं वाक्य.

दुकानात कुणी विचारेना, म्हणून गोरेगावच्या आठवडी बाजारात आम्ही चादर अंथरली. शेजारी वांगी विकणारी बाई होती. तिनं एक अंक उचलला, अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचला आणि हसत सुटली. "काऊन वं, हे तं आपल्यासारखीच बोलून राहिली." तिच्याभोवती गर्दी जमली. दुपार कलायच्या आत आमची चादर रिकामी झाली, तिची वांगी मात्र तशीच होती.

यशाचा वास शिक्षणमहर्षींना लवकर येतो. मैत्रिणीच्या संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. ऑफिसात चारी भिंतींवर तेच होते, हार घालताना नाहीतर घालून घेताना. सगळ्या शाळांसाठी पुस्तकं घेतो म्हणाले. फक्त भाषा शुद्ध करायची, भुतं काढून संस्कार घालायचे आणि शेवटी कंडक्टरणीला खुद्द अध्यक्षांचे वडील भेटले पाहिजेत.

"पण ते तर वारले ना, सर?" मैत्रिणीनं विचारलं. "मग भूत म्हणूनच येतील."

अध्यक्षांनी गंभीरपणे विचार केला. "येऊ द्या. पण त्यांच्याकडून तिकीट घेऊ नका."

एवढा खरा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मेलेल्या बापालाही फुकटचा प्रवास हवा.

आम्ही नाही म्हणालो. पुढच्याच आठवड्यात मैत्रिणीचे तास काढून घेतले आणि तिला शाळेच्या कंपाउंडवर सुविचार रंगवायला लावलं. पहिलाच सुविचार होता, 'मातृभाषा जपा'. तिनं तो सुबक अक्षरात रंगवला, ब्रश धुतला आणि राजीनामा दिला.

त्यानंतर बराच काळ पुस्तक निघालं नाही. ती गोंदियात दुकानांच्या पाट्या रंगवत होती, सगळ्या हिंदीत. मी शिकवण्या घेत होते. मध्ये एका साहित्य संमेलनात आम्हाला स्टॉल मिळाला, जेवणाच्या मंडपामागे, भांडी घासायच्या जागेजवळ. मंचावर स्वागताध्यक्ष म्हणून तेच अध्यक्ष बोलीच्या ऱ्हासावर गहिवरले होते. पुण्याहून आलेले एक समीक्षक हात पुसत आमच्याकडे आले. "किती गोड बोली!" म्हणाले, शेवटच्या पानावर शब्दार्थ द्यायला सांगितलं आणि अंक जागेवर ठेवून आइस्क्रीमच्या रांगेत गेले.

यंदा पुन्हा नवा अंक काढला. रंग परवडत नाहीत, म्हणून काळापांढरा. परवा अर्जुनीच्या बाजारात एका निवृत्त गुरुजींनी उभ्यानं अख्खा वाचला, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दाखवल्या आणि न घेताच निघाले.

मी चिडले. मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे वं. आखरीपर्यंत वाचलन तं."