फुलांची खोली पोरीले देली

माझी शाळा दुसरीतच सुटली, त्यामुळे सजवून लिहिणं मला जमत नाही. जे केलं ते सांगतो, आणि ते बरोबरच केलं होतं हेही आधीच सांगून ठेवतो.

बायको गेली तेव्हा पोरगी चौदाव्या वर्षात होती. इंग्रजाचं राज्य होतं. आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मळा मोर्णा नदीच्या काठाला. शेवंती, झेंडू, निशिगंध आणि थोडा भाजीपाला. घराला पुढं ओसरी, मधे चूल, आणि मागं एक थंड खोली. जाड मातीच्या भिंती, एकच झरोका. तोडलेली फुलं तिथं ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि पहाटे बाजारात न्यायची. बायको तिथंच बसून हार ओवायची. ती गेल्यावर मी टोपली ठेवायला आत जायचो आणि उगाच बसून राहायचो.

पोरीला मात्र घरात जागाच नव्हती. तिचे कपडे गाठोड्यात, गाठोडं कांद्याच्या पोत्यावर. फणी चुलीमागं. शाळेची पुस्तकं माझ्या पागोट्याच्या खुंटीखाली. वेणी घालायची तर बिचारी दाराआड उभी राहायची. एकदा भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "बा, फुलं ओसरीत ठेवली तं सुकतीन का?" तिला काय पाहिजे ते मला समजलं. थोडी सुकतील म्हणालो, आणि जेवण झाल्यावर टोपल्या बाहेर काढल्या.

खोली लावायची कशी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाफे लावता येतात, तेच तिला सांगितलं. मेथीला सारखं पाणी लागतं, म्हणून ती विहिरीजवळ. तूर लांब असली तरी तगते. तशी रोजची वस्तू हाताशी, सणासुदीची वर फळीवर, आणि मधे पाय ठेवायला वाट सोडायची. तिनं ऐकलं, पण सगळं नाही. आरसा मी दाराजवळ टांगला होता, तो तिनं उजेडासाठी झरोक्यासमोर नेला. गल्लीतल्या मुसलमान कापडवाल्याकडून कापडाच्या ठाणांवर गिरणीवाले चिकटवतात ती रंगीत चित्रं मागून आणली. हत्ती, मोर, पंखवाली परी. कणकेच्या खळीनं ती भिंतीला चिकटवली. मग आईचं रोजचं लुगडं फाडलं. अर्ध्याचा दाराला पडदा, अर्ध्याची गोधडी. तो फाडल्याचा आवाज ऐकून मी ओसरीतून उठून दारापर्यंत गेलो. पण पेटीत ठेवून तरी काय करणार होतो? कसरीनं खाल्लं असतं.

भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा तिनंच दिला. जमीन दर गुरुवारी सारवायची, हे मी बजावलं होतं. खोली तुझी, तर शेणही तुझंच. तोंड वाकडं करायची, पण गुरुवार कधी चुकवला नाही.

माझी मोठी बहीण अकोटला दिलेली. वर्षश्राद्ध झालं आणि ही आक्का माझं दुसरं लग्न जवळजवळ ठरवूनच आली. बाई चांगली होती, विधवा, कष्टाळू. तिच्याबद्दल मला आजही वाईट बोलायचं नाही. तिचे लोक घर पाहायला येणार होते, आणि दिवस नेमका गुरुवार. आक्कानं दारावरचा पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला. मेलेल्या बाईचं लुगडं दारात लटकलेलं पाहून कोण आपली लेक देईल, म्हणे. पडदा काढ, चित्रं खरवड, पोरीचं गाठोडं जिथं होतं तिथं जाऊ दे, नव्या माणसाला खोली लागेल.

"पोरगी तं दोन सालात सासरी जाईन," ती म्हणाली. "तिच्यासाठी घर काहून अडवून ठेवतं?"

"दोन साल तं दोन साल. तोवर खोली तिची."

"मंग तुले भाकर कोन थापून देईन?"

"माहे हात काय मी भाड्यानं देले हायेत?"

गुरुवारी पाहुणे दारात आले तेव्हा पोरगी नुकतीच सारवून बाहेर आली होती. तिनं नेम पाळला की डाव साधला, हे मी तिला कधी विचारलं नाही. ओलं सारवण आमच्यात कोणी तुडवत नाही, पाहुणा कितीही मोठा असो. आक्कानं मला सारवणावर फळ्या टाकायला सांगितल्या. मी उठून खोलीच्या उंबरठ्यावर जाऊन बसलो, आणि बसूनच राहिलो.

बाईचा म्हातारा बाप पुढं आला. त्यानं माझ्या डोक्यावरून पडदा सारला आणि आत पाहिलं. हत्ती पाहिला, परी पाहिली, घडी केलेली गोधडी पाहिली. मग विचारलं, "हे खोली रिकामी होईन ना?"

सगळे माझ्याकडं पाहू लागले. पोरगी चुलीपाशी फुंकणी धरून बसली होती, पण फुंकत नव्हती.

"नाई होनार," मी म्हणालो. "पोरगी सोता म्हनन का बा, आता नाई पाह्यजे, तवा होईन. तुमच्या लेकीले ओसरीत झोपवनं बरं दिसत नाई, म्हनून आताच सांगतो."

म्हातारा रागावला नाही. गुळाचं पाणी प्याला, रामराम केला आणि आपली माणसं घेऊन गेला. रागावली ती आक्का. मला वेडा म्हणाली, पोरीच्या बुद्धीनं चालणारा म्हणाली, बायकोच्या लुगड्याला चिकटलेला म्हणाली. होतोच चिकटलेला. आजही आहे. त्यात चोरी कोणाची केली? आक्का त्याच पावली अकोटला निघून गेली, आणि पुढच्या आखाजीच्या सणाला माहेरी आली नाही. न येवो.

सगळे गेल्यावर मी उठलो. बसल्या बसल्या माझी टाच उंबरठ्याच्या आत गेली होती, ओल्या सारवणात चांगली रुतली होती. पोरीनं फुंकणी ठेवली, जवळ येऊन पाहिलं. रडली नाही, गोड काही बोलली नाही.

"बा, पाय उमटला तुमचा," ती म्हणाली, आणि शेणाचं घमेलं माझ्यापुढं सरकवलं. "सारवा."

मी बाह्या वर केल्या.