नैऋत्येचं वजन

ग्वेल्फ गावाच्या पलीकडे एका शेतावर तो ट्रेलर (मोटारीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर) मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यात एक कोंबडी राहत होती. जुन्या पद्धतीचा, अंड्याच्या आकाराचा ट्रेलर. त्यामुळे तिचा काही गैरसमज झाला असावा. आतले पडदे एकेकाळी नारिंगी असावेत. कपाटांची दारं हलणाऱ्या दातांसारखी लोंबत होती आणि सगळीकडे ओल्या गोणपाटाचा वास भरला होता. "फ्लोअर थोडा सॉफ्ट आहे," म्हातारा शेतकरी इंग्रजीत म्हणाला. किती सॉफ्ट, हे पाहायला मी पाय आपटला आणि गुडघ्यापर्यंत आरपार गेलो.

"घेतो," मी म्हणालो. तेव्हा पाय अजून आतच होता.

मला एका जागी राहवत नाही. नागपूर सोडून कॅनडात आल्यावर स्कारबरो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा करत आम्ही मिल्टनच्या नव्याकोऱ्या वसाहतीत आलो, आणि भिंतींच्या रंगाचा वास जायच्या आत मी फोनवर विनिपेगमधली घरं बघू लागलो. माझी बायको मेधा फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणं नेमकं कुठे आहे हे तिला कळतं. ती म्हणाली, "श्री, हे शेवटचं घर. तुला चाकं हवीत ना? ड्राइव्हवेत ठेव. एक ट्रिप करू मॉन्ट्रियलची. नीट झाली तर ट्रेलर राहील. नाही झाली तर तो विकायचा, आणि विनिपेगचं नाव पुन्हा काढायचं नाही."

म्हणजे हरलो तर दोन्ही बाजूंनी कोंडी. मी जोरात कामाला लागलो.

उन्हाळ्यातले सगळे शनिवार-रविवार त्या अंड्यात गेले. कुजलेलं प्लायवूड उपटलं, छताची गळती बुजवली, नवी जमीन घातली, कपाटांना पांढरा रंग दिला. पलंग मात्र बेसमेंटमध्ये बसून इतका मन लावून केला, की तो ट्रेलरच्या दारातून जाईना. शेवटी करवतीने मधोमध कापला. मेधा म्हणाली, "वा, फोल्डिंग केलास." तिने आपल्या दोन जुन्या इरकली साड्यांचे पडदे शिवले, तेव्हा कुठे त्या खोलीला तोंडवळा आला.

कुठे काय लावायचं हे मात्र नागपूरहून ठरलं. माझा मोठा भाऊ बँकेतून रिटायर झाल्यापासून लोकांची वास्तू बघतो. त्याने व्हिडिओ कॉलवर ट्रेलर सगळ्या बाजूंनी दाखवायला लावला.

"तोंड कुठं आहे बे त्याचं?"

"ईशान्येला, दादा. रस्त्याकडे."

"बेस्ट. देव तिकडं ठेवजो. गॅस आग्नेयेला. अन् जड सामान सारं नैऋत्येला. नैऋत्य जड असली की घर हलत नाही."

मी इंजिनिअर आहे. मी हे मानत नाही. पण मानत नाही म्हणून मुद्दाम मोडावं, इतका काही मी पुढारलेलो नाही. पुढच्या टोकाला देवघर केलं आणि गणपती डबल टेपने चिकटवला. नैऋत्य, म्हणजे ट्रेलरचं पार मागचं टोक. तिथे दोन बॅटऱ्या, तांदळाची गोणी, हत्यारांची पेटी असं सगळं रचलं. तरी कोपरा पुरेसा जड वाटेना म्हणून बेसमेंटमधून मेधाची लोखंडी ट्रंक ओढत आणली आणि वर गादी टाकून तिचं बाकडं केलं. ही ट्रंक आमच्यासोबत प्रत्येक घरात आली होती.

"आत काय आहे गं?"

"माझं सामान. राहू दे बंद."

घर हलू नये म्हणून दादा तळमळत होता आणि मी राबत होतो. चाकांचं घर हललं नाही तर ते घ्यायचं कशाला, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच पडला नाही.

निघालो त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. मेधाने शंकरपाळ्यांचा डबा मांडीवर घेतला. टोरंटो मागे पडेपर्यंत मी गुणगुणत होतो. मग हायवे मोकळा झाला, मी वेग वाढवला, आणि मागून कुणीतरी शर्ट धरून ओढल्यासारखं वाटलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आरशात पाहिलं तर आमचा ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता.

"स्लो कर," मेधा म्हणाली. "श्री, स्लो कर आधी."

वेग कमी केला की शेपूट शांत, वाढवला की पुन्हा सुरू. उजव्या लेनमध्ये हॅझर्डचे दिवे लावून आम्ही निघालो. शाळेच्या बसेससुद्धा आम्हाला ओलांडून जात होत्या आणि मागच्या सीटवरची पोरं हात हलवत होती. मेधाने शंकरपाळ्यांचा डबा कधीच खाली ठेवला होता. तिचा एक हात दाराच्या मुठीवर होता.

किंग्स्टनच्या अलीकडे पेट्रोलला थांबलो. शेजारी एक सरदारजी आपल्या ट्रकची काच पुसत होता.

"पाजी, बहुत देर से देख रहा हूँ. आपका ट्रेलर बिना ढोल के भंगड़ा कर रहा है."

"हवा है ना आज," मी म्हणालो.

त्याने वर पाहिलं. खांबावरचा झेंडा काठीला चिकटून झोपला होता. "हाँ जी," तो म्हणाला, "बहुत हवा है." आणि मेधाकडे पाहून हसला. मेधा हसली नाही.

मॉन्ट्रियलच्या अलीकडे नदीकाठी ट्रेलर लावायचं मैदान होतं. पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. चाकांना ओंडके लावून मी हिच (गाडीला ट्रेलर जोडायचा आकडा) सोडायला घेतला. मेधा आत मागच्या बाजूला कपबशा काढत होती. आकडा सुटला, आणि ट्रेलरने मान वर केली. हळूहळू, मोठ्या डौलाने त्याचं तोंड आकाशाकडे गेलं आणि बूड धप्पकन जमिनीवर बसलं. आत कपबशा घरंगळल्या.

"मेधा?"

"आहे," आतून आवाज आला. "ट्रंकवर पडलेय. तुझा गणपती मात्र जागेवर आहे."

शेजारच्या ट्रेलरमधून एक आजीबाई आणि त्यांचे यजमान बाहेर आले. माझं फ्रेंच बोंझूर आणि मेर्सी यांच्यात संपतं. आजीबाईंनी विचारलं, "से नॉर्माल, सा?" (हे असंच असतं का?) मी म्हणालो, "बोंझूर." मग आम्ही तिघं शेजारी शेजारी त्या आकड्यावर लोंबकळलो. बागेतल्या सी-सॉसारखा ट्रेलर खाली आला. मेधा दारातून उतरली, आकड्यावर बसलेल्या आम्हा तिघांकडे तिने नीट पाहून घेतलं.

"याच्या कमरेखाली सगळं वजन आहे," ती म्हणाली. "म्हणून दिवसभर हलत होता. कुणी सांगितलं होतं तुला?"

"दादाने," मी म्हणालो. "घर हलू नये म्हणून."

मागचं सगळं बाहेर काढायचं ठरलं. बॅटऱ्या निघाल्या, गोणी निघाली, ट्रंक मात्र धक्क्याने कोपऱ्यात अशी रुतली होती, की दोघांना हलेना. मेधा क्षणभर तिच्याकडे बघत उभी राहिली. मग गळ्यातली किल्ली काढावी तसा तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला.

लाकडी टेबलावर एकेक वस्तू येऊ लागली. पितळेची परात. पुरणयंत्र. चकलीचा सोऱ्या. वेलदोड्याचा वास अजून न गेलेला डबा. तळाशी लोखंडी खलबत्ता, तो उचलताना माझी पाठ कुरकुरली. आजीबाई सोऱ्या हातात घेऊन त्याची कळ फिरवत बसल्या.

"एवढं सगळं आपल्याकडे होतं?"

"आहे," मेधा म्हणाली.

"मग कधी काढलं नाहीस?"

"ब्रॅम्प्टनला काढलं होतं. घासून शेल्फवर लावलं. त्याच आठवड्यात तू मिसिसागाचं घर बघून आलास." तिने परातीवरची धूळ ओढणीने पुसली. "म्हटलं, हा एकदा बसला की काढू."

माझ्याकडे एक विनोद तयार होता. तो मी गिळला.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने शहर पाहिलं. पुतीन (तळलेले बटाटे, चीजचे गोळे आणि वर गरम रस्सा) खाल्लं. मेधाच्या मते त्याला फोडणीची गरज होती. लोखंडी जिने बाहेरच्या बाजूने वर चढणारी घरं फार देखणी होती. एका जिन्यावर पाटी होती, 'आ लुए' (भाड्याने देणे आहे). मी थांबलो. इथे राहिलो तर सकाळी या जिन्याने उतरून पाव आणायला कुठे जावं लागेल, एवढाच विचार केला. मान वळवली तर मेधा पाटीकडे नव्हती बघत, माझ्याकडे बघत होती. मी पुढे चालू लागलो.

परतताना जड सामान पुढे देवघराखाली आणि चाकांच्या वर वाटून ठेवलं. ट्रेलर रेषेत चालला. शाळेची एकही बस पुढे गेली नाही. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा दादाचा फोन आला. खरं सांगण्यावाचून उपाय नव्हता.

"समोर ठेवलं? अन् आता तोंड कुठं आहे?"

मी होकायंत्र काढलं. मॉन्ट्रियलहून मिल्टनला येणारा रस्ता नैऋत्येला जातो.

"मंग," दादा समाधानाने म्हणाला, "नैऋत्यच जड झाली नं. म्हणून तर हलून नाही राहिला." त्याने फोन ठेवला. जाताना आम्ही ईशान्येला तोंड करून अगदी शास्त्राप्रमाणेच डुलत गेलो होतो, हे सांगायचं राहून गेलं.

मिल्टनला ड्राइव्हवेत ट्रेलर लावला. यावेळी आधी टेकू, मग आकडा. मान वर झाली नाही.

"मग?" मी विचारलं. "विकायचा?"

"ट्रिप नीट झाली का?"

"नाही."

"अजिबात नाही," मेधा म्हणाली. परात तिने कडेवर घेतली होती. "तो खलबत्ता आण आत. ट्रंक राहू दे तिथेच, रिकामी. तुला हलवायला काहीतरी लागतं ना."

आता कधीकधी संध्याकाळी मी ट्रेलरमधल्या त्या ट्रंकेवर बसून चहा पितो. पायाची भिंगरी गेलेली नाही. ती जाणाऱ्यातली नाही. प्रवासाला गेल्यावर माणूस बदलतो म्हणतात. मी बदललो नाही, फक्त माझं वजन कुठे ठेवायचं हे कळलं. परवा पडदा सारून बसलो होतो, तर घरातून वेलदोडे कुटल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मेधाने खलबत्ता मांडलाय. सवयीने होकायंत्र काढून पाहिलं. घराचा ईशान्य कोपरा. तिथे जड वस्तू चुकूनही ठेवू नये, असं दादा म्हणतो.

मी होकायंत्र ट्रंकेत टाकलं आणि आणखी चहा आहे का ते बघायला आत गेलो.