भारा न वाहिलेली वाट

साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराला लागून आमचं गाव. जमीन नव्हती. वडील लवकर गेले, आई दम्याने बसून राहिलेली. माझी मोठी बहीण, अक्का, पहाटे डोंगरात जायची, लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन उतरायची आणि बाजाराच्या दिवशी तो साक्रीला विकायची. त्यावर घर चालायचं, माझी शाळाही. पावसाळ्यात लाकडं ओली म्हणून गवत आणायची. मला मात्र तिने एकदाही भारा उचलू दिला नाही. शिकणाऱ्या पोराची मान धड राहिली पाहिजे, असं तिचं म्हणणं. तिची स्वतःची मान तेव्हाच दुखायला लागली होती, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

अक्का गेल्या महिन्यात गेली. मी कचेरीच्या कामाला जळगावला होतो. दुपारी तिथल्या फोनवर बायकोचा, सुमनचा आवाज आला आणि तिने नुसतं "या" म्हटलं. पारोळ्यापर्यंत एसटीत उभा होतो. नंतर जागा मिळाली, पण बसवेना...

अमळनेरच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो. आमच्या घरातला, आमच्या भावकीतला पहिला. हे मी आजही ताठ मानेने सांगतो, कारण ते मला कोणी दान दिलेलं नाही. धुळ्याला नोकरी लागली तशी आईला आणि अक्काला घेऊन आलो. अक्काचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर ती बोलत नसे, मीही बोलणार नाही. आई दोन-तीन वर्षांत गेली. अक्का आमच्याच घरी राहिली. गॅस आला तेव्हा ती त्याच्यासमोर बराच वेळ नुसती बसून होती.

कचेरीतली आम्ही काही मंडळी थंडीत रविवारी डोंगर चढायला जायचो. बूट, पाण्याची बाटली, भाकरी आणि वांग्याचं भरीत. एका रविवारी मी निघालो तेव्हा अक्का ओट्यावर दात घासत होती. तिने विचारलं, "तठे काय आणाले जास, भाऊ?"

काही नाही, असंच जातो, असं मी म्हणालो.

"काहीच नही?"

संध्याकाळी परत आलो तर ती माझ्या हातांकडे बघत होती. खरंच काही आणलं नव्हतं. ती हसली नाही. आठवडाभर तिने तो विषय काढला नाही आणि मग जेवताना म्हणाली, मलाही यायचंय. मी लळिंगचं नाव काढलं. धुळ्याहून जवळ, वर किल्ला आहे. ती नको म्हणाली. आईला दमा लागायच्या आधी, दुष्काळात, ती अक्काला घेऊन तिकडे खडीच्या कामावर आली होती आणि पाट्या तिनेही उचलल्या होत्या. मग कोंडाईबारीकडची एक चांगली सावलीची वाट सांगितली, तर तिथून तिने गवत आणलेलं. साक्रीकडच्या वाटांचं तर विचारायलाच नको. मी चिडलो. म्हटलं, अक्का, तुला डोंगर बघायचाय की हिशेब मांडायचाय? तिने ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली,

"जठे मन्हा डोकावर भारा नही व्हता, अशी वाट दखाड."

असा डोंगर शोधायला मला जवळजवळ वर्ष लागलं. विचारलेल्या प्रत्येक वाटेवर तिचं काही ना काही ओझं निघायचं. सुमन म्हणायची, तुमच्या बहिणीसाठी आता सरकारला नवीन डोंगर करायला सांगा. शेवटी तोरणमाळ निघालं. तिकडे ती कधीच गेली नव्हती.

शहाद्याहून पुढच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, यात्रा तर होऊन गेली मावशी, आता कशाला? अक्का म्हणाली, "फिराले." त्याने तिकीट फाडता फाडता आमच्याकडे दोनदा पाहिलं. मोटाररस्ता सोडून आम्ही जुन्या पायवाटेला लागलो. मी, अक्का आणि सुमन. सुरुवातीला अक्काला हातांचं काय करावं ते कळेना. एक हात सारखा डोक्याकडे जायचा, भारा सावरायला जातो तसा, आणि ती तो खाली आणायची. वाटेत वाळलेली फांदी दिसली की तिची पावलं हळू व्हायची. पण उचलली एकही नाही.

अर्ध्या चढावर एक म्हातारी भारा खाली ठेवून बसलेली भेटली. वरच्या वस्तीवर चालली होती. एकदा टेकवलेला भारा एकट्याने डोक्यावर चढत नाही. वाटेने येणाऱ्याने हात लावायचा असतो. अक्काने हात लावला. पण म्हातारी उठताना गुडघ्यातून कळवळली आणि पुन्हा खाली बसली. अक्का उभी राहिली. तिने पदर काढला, त्याचा पीळ देऊन डोक्यावर ठेवायची चुंबळ केली. मी मनात म्हटलं, संपलं. एवढ्या लांब येऊन शेवटी हिच्या डोक्यावर भाराच. अक्काच्याही मनात तेच असावं, कारण चुंबळ तिने डोक्यावर ठेवली नाही, हातातच धरली...

मग तिने पीळ सोडला, पदर खांद्यावर टाकला आणि माझ्या गळ्यातला मफलर ओढून घेतला. त्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली.

"भाऊ, आज तू ले."

अक्काने आणि सुमनने मिळून भारा माझ्या डोक्यावर चढवला. मान खांद्यांत गेल्यासारखी झाली. मागून अक्काचा आवाज, मान ताठ धर, पायकडे दखू नको. म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती; सुमनही. एका वळणावर अक्काने विचारलं,

"जड शे का?"

"नाही."

"खोटं बोलस."

वस्ती दिसेपर्यंत मी तो भारा नेला. अक्का आता माझ्या पुढे चालत होती. दोन्ही हात मोकळे, बाजूला हलणारे. तिला तसं चालताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

त्यानंतर दर थंडीत ती आमच्या गल्लीतल्या बायकांना घेऊन निघायची. बहुतेक सगळ्या खेड्यांतून आलेल्या. आधी ओट्यावर बसून प्रत्येकीला विचारायची, तू कुठून काय वाहिलंस? एकीनेही नाव घेतलं की ती वाट रद्द. उरेल ती घ्यायची. कधीकधी काहीच उरायचं नाही, मग त्या आठवड्यात चहा पिऊन उठायच्या.

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मला वाटलं, बायकांचं हे डोंगरावर जाणं आता थांबेल. गेल्या शनिवारी सुमन ओट्यावर बसली होती आणि बायकांना एकेकीला विचारत होती. रविवारी त्या सगळ्या गेल्या. डोंगर कोणता ते मी विचारलं नाही. संध्याकाळी परतल्या. सगळ्या वर पोचल्या होत्या आणि कोणाच्याही डोक्यावर काही नव्हतं.