परीखानने न घेतलेलं नाव

परीखानला बोलावल्याशिवाय आमच्या वस्तीत माणूस पुरता मेला असं कुणी धरत नसे. डॉक्टरने कागद दिला, मौलवीने नमाज पढली, पुरुष मंडळी पुरून आली, तरी घरातल्या बाया आपल्या अवघडून बसलेल्या. मग परीखान यायची. दारात चपला काढायची, मेलेल्याच्या आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि हळूच विचारायची, "काय आवडायचं गं त्याला?" झालं! त्या एका प्रश्नाने बांध फुटायचा, आणि त्या रडण्यातूनच ती शोकाचं गाणं उचलायची.

तिची रीत ठरलेली. पहिली ओळ गावाची, दुसरी आईची, तिसऱ्या ओळीत नाव. नावाशिवाय शोक उभाच राहत नाही, असं तिचं म्हणणं. जिवंत माणसाचं नाव तर थट्टेतही घ्यायचं नाही. घेतलं म्हणजे आपल्याच हाताने त्याला मातीत लोटलं. तुर्कस्तानातलं आमचं कुर्दांचं आमेद शहर, सरकारी कागदावर ज्याला दियारबाकिर म्हणतात ते, उठवलेल्या गावांच्या माणसांनी भरलेलं आहे. त्यातल्या किती जणांना परीखानने वाटेला लावलं याची मोजदाद नाही. पण सव्वीस वर्षांत एक नाव तिने कधी गायलं नव्हतं. तिच्या एकुलत्या एक मुलाचं, शेमदिनचं.

सैनिकांनी गाव रिकामं करायला लावलं त्या सकाळी त्याला गाडीत घालून नेलं. तेवीस वर्षांचा होता. त्यानंतर ना निरोप, ना कागद, ना कबर. परीखान शहरात आली ती सुनेला घेऊन. सून म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचीच मुलगी, नाझे. लग्नाला पुरते आठ महिनेही झाले नव्हते. एकवीस वर्षांची पोर, दिसायला अशी की आमच्या गल्लीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांना खिडकीतून मागे ओढायच्या.

चार-पाच वर्षांनी कोपऱ्यावरच्या रोट्यांच्या भट्टीवाल्याने नाझेसाठी शब्द टाकला. बायको गेलेली, माणूस निर्व्यसनी. परीखानने त्याला पायरीवरूनच हाकलला. "तिचा नवरा जिवंत आहे! दुसऱ्याच्या बायकोकडे बघताना लाज नाही वाटत?" सगळ्या गल्लीने ऐकलं. आत चुलीपाशी नाझेनेही ऐकलं. तिने बोलायचं तरी काय? शोक झाला नव्हता, म्हणजे ती विधवा नव्हती. नवरा घरी नव्हता, म्हणजे बायको असूनही नसल्यासारखी. ईदला नवं घालावं की नाही, मेंदीच्या घरी गाणी म्हणावीत की नाही, कशाचाच पत्ता नाही. बघता बघता केस पांढरे झाले बिचारीचे.

खरं सांगायचं तर वस्तीतल्या कुणालाच शेमदिन परत येईल असं वाटत नव्हतं. पण परीखानच्या तोंडावर हे म्हणायची कोणाची छाती?

मागच्या शरदात रोजबिन नावाची मुलगी आली. इस्तंबूलच्या विद्यापीठात शिकणारी, पण मूळची आपल्यातलीच. गावं उठली तेव्हा बायकांनी कोणती गाणी बरोबर आणली, शहरात कोणती टिकली, कोणती विसरली, हे ती घरोघर फिरून नोंदवत होती. हातात आवाज टिपणारं छोटं यंत्र. कुर्दी मात्र अगदी लंगडी.

"एवढी शिकलीस आणि आईची भाषा तेवढी विसरलीस होय?" परीखानने पहिल्याच दिवशी टोला हाणला.

"म्हणून तर तुमच्याकडे आले, मावशी," रोजबिन म्हणाली. परीखानला उत्तर आवडलं. तिने चहा टाकायला सांगितला.

महिनाभर मुलगी येत राहिली. दळणाची गाणी झाली, लग्नाची झाली, पाळण्याची झाली. त्या दिवशी अंगणात वाळवणाची वांगी कोरायचं काम चाललं होतं. नाझे कोरलेली वांगी दोऱ्यात ओवत होती, शेजारची हेदले सुरी चालवत होती. रोजबिनने भीत भीत विषय काढला. "मावशी, एक शोक म्हणून दाखवाल?"

"दाखवायला ते काय कापड आहे? मेल्याशिवाय शोक नसतो."

"माझ्या सासूचं नाव घे ना," हेदले म्हणाली. "आहे जिवंत, पण कोणाची हरकत असायची नाही."

नाझेसुद्धा हसली. परीखानने हेदलेच्या पाठीत एक धपाटा घातला. रोजबिन तेवढी हसली नाही. खाली मान घालून म्हणाली, "माझी आजी तीन वर्षांपूर्वी इस्तंबूलमध्येच वारली. आठव्या मजल्यावर. तिच्यासाठी कुणीच गायलं नाही. आमच्यात कुणाला येतच नव्हतं."

परीखानचा चेहरा बदलला. तिने हातातलं वांगं परातीत टाकलं. "अगं बाई! तीन वर्षं तशीच ठेवलीत तिला?" ती सरकून रोजबिनपाशी बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "नाव काय तिचं?"

"सोसिन."

"काय आवडायचं?"

"आवडायचं असं..." रोजबिन अडखळली. "ती नुसती दाराकडे बघत बसायची. गावाकडून कोणीतरी येईल म्हणायची. शेवटच्या दिवशीपण म्हणाली, दार लोटून घेऊ नका."

परीखानने डोळे मिटले. पहिली ओळ गावाची आली. दुसरी आईची, जी दार उघडं टाकून बसते, येणाऱ्याची भाकरी झाकून ठेवते. आवाज वर चढला. हेदलेने सुरी खाली ठेवली. आणि तिसऱ्या ओळीत, सोसिन यायचं तिथे, परीखानच्या तोंडून स्वच्छ आलं, "शेमदिन."

सगळ्या गारठल्या. परीखानचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात थपडा मारून घेतल्या. "पूस ते! पूस म्हणते ना! मी नाही म्हटलं, जीभ घसरली! माझा मुलगा जिवंत आहे!"

रोजबिनने घाबरून यंत्र उचललं. तोच नाझे म्हणाली, "पुसू नकोस."

सव्वीस वर्षांत तिने सासूपुढे आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. हातातला दोरा सुटून वांगी फरशीवर घरंगळली, तिकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"आत्या, पुरं कर."

"वेड लागलं का तुला? तुझा नवरा तो!"

"माझा नवरा मेलाय. तुला माहीत आहे, मला माहीत आहे, या हेदलेला माहीत आहे. सगळ्या वस्तीच्या पोरांना गाऊन पोचवलंस तू. एकट्या माझ्याच माणसाला तेवढं बाहेर उभं ठेवलंस. आणि मला? मला काय म्हणून ठेवलंस घरात? एकदा विधवा म्हण मला. तेवढं तरी असू दे माझं."

हेदले ओढणीने तोंड दाबून हुंदके देऊ लागली. परीखान भिंतीला टेकली. बराच वेळ ती नाझेच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली, जसे काही ते आजच दिसले. मग तिने गायला सुरुवात केली. पोराचं नाव घेतलं, आठ महिन्यांचा संसार गायला, आणि "माझ्या भावाच्या लेकी, शेमदिनच्या विधवे" असं म्हणताना तिचा तो गाजलेला आवाज मधोमध फाटला. तिने तसाच फाटका पुढे नेला. नाझे छाती बडवून रडली. इतकी वर्षं आत कोंडलेलं सगळं त्या अंगणात बाहेर आलं, आणि रोजबिन बिचारी यंत्र विसरून त्यांच्यात बसून रडली. आजीसाठी रडली की कोणासाठी, तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून बाया सांत्वनाला यायला लागल्या. कुणी साखर आणली, कुणी चहा. आल्या, बसल्या आणि वाट बघत राहिल्या, कारण अशा घरी गाणारी होती ती परीखानच, आणि तीच आज मेलेल्याची आई होऊन बसली होती. शेवटी ज्या त्या आपल्या परीने, बेसूर, जमेल तशा रडून गेल्या.

शोकाचा चाळिसावा दिवस झाला. सकाळी नाझे पीठ मळत होती. परीखान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली. दोनदा घसा साफ केला.

"नाझे, तुला एक सांगायचंय. तो येईल म्हणून मी गप्प राहिले, हे निम्मंच खरं. त्याचं नाव घेतलं की तू जाशील, याचीच भीती होती मला. मी एकटी पडले असते गं. देवाने मला माफ करू नये. आता तू मोकळी आहेस. तिकडे समुद्राकाठी मर्सिनला तुझ्या भावाकडे जा. कुणी चांगला माणूस विचारेल तर हो म्हण. माझी काळजी करू नकोस."

नाझेचे हात पिठात थांबले. तिला राग आला नव्हता. राग आला असता तर परीखानला बरं वाटलं असतं.

"पंचविशीत म्हणाली असतीस तर गेले असते, आत्या," ती म्हणाली. "मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. आता कुठे जाऊ?"

आणि ती पुन्हा पीठ मळायला लागली, दोघींपुरतं.